चार पानी फॉर्म आणि भुईकाट्याची पावती: वेब फॉर्ममधली माहिती पानापानांतून टिकवायची कशी

रावेर तालुक्यातल्या एका फळविक्री सोसायटीसाठी मी केळी कापणीच्या नोंदणीचा फॉर्म केला होता. चार पानं. पहिल्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल. दुसऱ्यावर गट नंबर आणि क्षेत्र. तिसऱ्यावर मृगबाग की कांदेबाग, लागवडीची तारीख, खोडांची संख्या. चौथ्यावर बँक खातं आणि सातबाऱ्याचा फोटो. घरच्या मशीनवर सगळं झकास चाललं. सोसायटीत लावला आणि तिसऱ्याच दिवशी तिथल्या ऑपरेटर ताईंचा फोन आला, "भाऊ, नाव एकाचं आणि खातं दुसऱ्याचं, हे कसं काय झालं?"

जाऊन बघितलं. काउंटरवर रांग. एका दादांची तीन पानं भरून झाली, चौथ्यावर खाते क्रमांक हवा, पासबुक घरी. ते आणायला गेले. ताईंनी त्यांचा टॅब तसाच ठेवला आणि दुसऱ्या टॅबमध्ये पुढच्या शेतकऱ्याचा फॉर्म सुरू केला. त्याचीही तीन पानं झाली. तेवढ्यात पहिले दादा पासबुक घेऊन हजर. ताईंनी पहिल्या टॅबवर जाऊन खातं भरलं, सबमिट केलं. नोंद झाली ती दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा गट नंबर आणि पहिल्याचं खातं अशी. पैसे निघायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

ताईंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. रांग असली की कोणीही असंच करेल. चूक माझी होती: चारही पानांची माहिती मी सेशनमध्ये (सर्व्हर एकेका ब्राउझरसाठी ठेवतो त्या तात्पुरत्या कप्प्यात) एकाच नावाखाली ठेवत होतो आणि दोन्ही टॅब एकाच ब्राउझरचे, म्हणजे सेशन एकच. सेशन ब्राउझरचं असतं आणि फॉर्म एकेका अर्जदाराचा. हे दोन मी एकच धरले होते. पुढे जे लिहिलंय ते हा फॉर्म उलगडून पुन्हा शिवताना शिकलेलं आहे. पीएचपी, डॉट नेट, जँगो, नोड, तुमचं काहीही असो, मुद्दे तेच राहतात.

सर्व्हरला तुम्ही आठवत नाही

एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत, प्रत्येक विनंती सुटी असते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली ती कागदपत्रं एकमेकांना जोडण्यासाठी. पान मागितलं, पान दिलं, व्यवहार संपला. दुसरं पान मागणारा तोच माणूस आहे की वेगळा, हे सर्व्हरला ठाऊक नसतं. या विसराळूपणामुळेच एक सर्व्हर हजारो लोकांना पुरतो, म्हणून त्याला दोष देऊ नका. आठवण ठेवण्याची सोय मात्र आपल्याला करावी लागते.

आपल्याकडच्या जिनिंगवरचा भुईकाटा आठवा. कापसाची भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, मग कापूस खाली होतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. मधल्या वेळेत आणखी कितीतरी गाड्या येऊन जातात. काट्यावरच्या माणसाला तुमचा चेहरा लक्षात ठेवायची गरज नसते, कारण तुमच्या हातात पावती असते. आता ही पावती तीन तऱ्हेची असू शकते. एक, पावतीवर नुसता नंबर आणि वजन काट्याच्या वहीत. दोन, भरलेल्या गाडीचं वजन पावतीवरच पेन्सिलीने लिहिलेलं. तीन, वजन पावतीवरच, पण खाली सही-शिक्का. वेबवर माहिती टिकवण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत ते फिरून फिरून या तिघांवरच येतात. पेन्सिलीच्या पावतीवर पैसे देणारा जिनिंगवाला मी अजून पाहिलेला नाही, पण तसे फॉर्म मात्र रोज दिसतात.

आधी कागद-पेन

कोडला हात लावण्याआधी फॉर्ममधली एकूण एक गोष्ट कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही गोष्ट ठरवतो कोण, भरणारा की सर्व्हर? ती किती वेळ लागणार आहे: याच पानापुरती, फॉर्म संपेपर्यंत, की लॉगिन असेपर्यंत? आणि कोणी ती पाहिली किंवा बदलली तर काय बिघडेल?

माझ्या फॉर्मचं सांगतो. शेतकऱ्याचं नाव भरणारा ठरवतो आणि ते फॉर्म संपेपर्यंत लागतं. ऑपरेटर कोण, हे सर्व्हर ठरवतो आणि ते लॉगिनपुरतं लागतं. एकरी अंदाजे खोडं ही तर साठवायची गोष्टच नाही. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर ४३,५६० चौरस फुटांच्या एकराला २५ ने भागायचं, १,७४२ येतात. सहा बाय पाच असेल तर १,४५२. हे दर वेळी सर्व्हरवर मोजता येतं, तर पानातून पानात वाहून न्यायचं कशाला? जे पुन्हा मोजता येतं ते साठवू नका. एवढ्या एका नियमाने माझी निम्मी हिडन फील्ड गेली.

पत्ता, हिडन फील्ड, कुकी

पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये, ठेवायच्या गोष्टी थोड्याच: कोणती पायरी, कोणता मसुदा (म्हणजे अजून सादर न झालेला अर्ज), यादीचं कितवं पान. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो आणि मुख्य म्हणजे लोक तो उचलून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा सेशनचा क्रमांक त्यात असेल तर गावभर झाला म्हणून समजा.

हिडन फील्ड म्हणजे पेन्सिलीची पावती. ते पडद्यावर दिसत नाही, एवढंच. उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की दिसतं, बदलताही येतं. त्यात दर, सवलत, मंजूर क्षेत्र, ‘तपासलं: हो’ असलं काही ठेवाल तर तो आकडा कोणीतरी एक दिवस बदलणार. ठेवायचंच असेल तर सही-शिक्क्यासह ठेवा: सर्व्हरकडच्या गुप्त किल्लीने त्या मजकुराची एचमॅक सही काढायची, मजकुरासोबत पाठवायची आणि परत आल्यावर पुन्हा काढून ताडायची. इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. नुसत्या आकड्यावर सही केली तर एका शेतकऱ्याची खरी सही दुसऱ्याच्या फॉर्मवर चिकटवता येते. म्हणून सही करताना आकड्यासोबत मसुद्याचा क्रमांक, ऑपरेटर आणि वेळ हेही आत घ्या.

जुन्या डॉट नेटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. २००२ मध्ये आलेल्या डॉट नेटच्या ‘वेब फॉर्म्स’ पद्धतीत पानाची सगळी स्थिती ‘व्ह्यूस्टेट’ नावाच्या हिडन फील्डमध्ये बांधून पाठवली जायची आणि प्रत्येक बटणासोबत परत यायची. तो मजकूर गूढ दिसतो, पण मुळात तो बेस-६४ मध्ये लिहिलेला असतो. ते कुलूप नव्हे, कोणालाही उलगडता येतं. शिवाय त्यात तीन बाइटचे चार होतात. मोठा ग्रिड असलेल्या पानाचं हे गाठोडं बघता बघता शंभर किलोबाइटच्या पुढे जातं. जळगावात फायबरवर ते जाणवत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे मोबाइलची रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते, तिथे एक ‘पुढे’ बटण दाबून माणूस पानाची वाट बघत बसतो. असं जुनं ॲप्लिकेशन सांभाळत असाल तर गरज नसलेल्या कंट्रोल्सचं व्ह्यूस्टेट बंद करा आणि सहीची तपासणी कधीही बंद करू नका.

कुकी १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी आणली. ब्राउझरने सांभाळायची आणि दर विनंतीसोबत आपोआप परत द्यायची चिठ्ठी. मर्यादा साधारण ४,०९६ बाइटची. इंग्रजीत काम करणाऱ्याला ती पुरते, आपल्याला नाही. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि कुकीत घालण्यासाठी टक्क्यांच्या रूपात बदललं की त्याची नऊ अक्षरं होतात. काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. ‘जळगाव’ झालं ४५, ‘नंदुरबार’ झालं ७२. चार पानांचा मराठी मजकूर कुकीत कोंबायला गेलात तर तिसऱ्या पानावर कुकी गुपचूप नाकारली जाते, एररही येत नाही. त्यातून ती पानावरच्या प्रत्येक चित्राच्या विनंतीसोबतही ये-जा करते. म्हणून कुकीत फक्त पावतीचा नंबर ठेवा. आणि तिच्यावर तीन शिक्के हवेतच: जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये म्हणून ‘एचटीटीपी-ओन्ली’, फक्त सुरक्षित जोडणीवरच जावी म्हणून ‘सिक्युअर’, आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत जायची की नाही ते सांगणारा ‘सेमसाइट’.

सेशन: चांगला नोकर, पण त्याची ड्युटी ओळखा

सेशन ही पहिल्या प्रकारची पावती. कुकीत नंबर, माहिती सर्व्हरकडे. भरणाऱ्याला आतलं दिसत नाही, बदलता येत नाही. मग अडचण कुठे येते? तीन ठिकाणी.

पहिली मुदतीची. पीएचपीत सेशनची मुदत मुळात १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. डॉट नेटच्या वेब फॉर्म्समध्ये २० मिनिटं. जँगोत दोन आठवडे. पीएचपीतले २४ मिनिटंही पक्के नाहीत, कारण जुनी सेशन झाडणारा झाडूवाला अधूनमधून, शक्यतेच्या हिशोबाने फिरतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक गंमत होते. अनेक साइट्स सेशनच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवत असतील, तर सगळ्यांत कमी मुदत ज्याची, त्याचा झाडू सगळ्यांच्या फाइलींवर फिरतो. तुम्ही तुमची मुदत दोन तास केली तरी शेजाऱ्याची १० मिनिटं असेल तर तुमचं सेशन दहाव्या मिनिटानंतर कधीही उडेल. उपाय सोपा आहे: सेशनसाठी स्वतःचं वेगळं फोल्डर द्या. हे कळायच्या आधी मी कोडमध्ये चूक शोधत दोन रात्री जागलोय.

दुसरी अडचण जागेची. डॉट नेटमध्ये सेशन मुळात सर्व्हरच्या चालू प्रोसेसच्या मेमरीत असतं. आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर ती प्रोसेस ठरावीक काळाने नव्याने सुरू करतो, मुळातली सेटिंग १,७४० मिनिटांची म्हणजे २९ तासांची. २४ ऐवजी २९ असल्यामुळे ही वेळ रोज सरकते. मग सोमवारी पहाटे, मंगळवारी सकाळी सव्वादहाला ऐन रांगेत, असं सेशन जातं आणि ‘कधी कधीच होतं’ अशी तक्रार येते. नोडमध्ये एक्सप्रेसचं मुळातलं मेमरीतलं सेशन तर खऱ्या वापरासाठी नाहीच, असं त्याच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर मेमरीतलं सेशन मुळातच निकामी, कारण पहिलं पान एकाकडे आणि दुसरं दुसऱ्याकडे जाऊ शकतं. सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सामायिक जागेत ठेवा.

तिसरी अडचण कुलपाची. पीएचपी सेशनची फाइल उघडली की ते पान पूर्ण होईपर्यंत तिला कुलूप घालून ठेवतं. सातबाऱ्याचा फोटो हाताळायला एका टॅबमध्ये वेळ लागत असेल तर त्याच ब्राउझरचा दुसरा टॅब तोपर्यंत नुसता फिरत राहतो. सेशनमधलं लिहून झालं की ते लगेच बंद करायची सवय लावा.

माझ्या मते सेशनमध्ये लॉगिन कोणाचं आहे, भाषा कोणती, आणि ‘नोंद झाली’ अशी एकदाच दाखवायची सूचना, एवढंच असावं. अर्जदाराची माहिती तिथे ठेवायची जागा नाही.

मसुद्याची वही

आता मुख्य काम. डेटाबेसमध्ये मसुद्यांचं एक टेबल करा. त्यात मसुद्याचा क्रमांक, तो सुरू करणारा ऑपरेटर, कितव्या पायरीपर्यंत आलाय, भरलेली माहिती (मी ती जेसन या मजकुराच्या रचनेत ठेवतो), आवृत्ती क्रमांक, शेवटचा बदल कधी आणि स्थिती: अर्धवट, सादर, रद्द. ‘नवीन नोंदणी’ दाबलं की पहिल्या पानाआधीच इथे एक रिकामी ओळ तयार होते आणि तिचा क्रमांक पत्त्यात जातो. त्यानंतर प्रत्येक पान त्या क्रमांकाचंच. दोन टॅब म्हणजे दोन क्रमांक, दोन ओळी. ताईंनी दहा टॅब उघडले तरी दहा पावत्या वेगळ्याच राहतात.

मसुद्याचा क्रमांक १, २, ३ असा चढता ठेवू नका. लांबलचक यादृच्छिक ठेवा, म्हणजे शेजारचा नंबर टाकून दुसऱ्याचा अर्ज उघडता येणार नाही. पण त्यावरही विसंबू नका. प्रत्येक विनंतीला, अगदी प्रत्येक, सर्व्हरने तपासायचं की हा मसुदा उघडायचा अधिकार या लॉगिनला आहे का. ही तपासणी एका पानावर राहून गेली तर बाकी तीन पानांवरची कवडीमोल.

‘पुढे’ दाबलं की त्या पानाची माहिती मसुद्यात जाते. इथे तपासणीच्या दोन चाळण्या ठेवा. मसुद्याची चाळणी मोठ्या भोकांची: रचना बरोबर आहे का, लांबी आवाक्यात आहे का, बस्स. सादर करतानाची चाळणी बारीक. मी पहिल्यांदा प्रत्येक पानावर बारीक चाळणी लावली होती, त्यामुळे खाते क्रमांक नसलेला माणूस पुढेही जाऊ शकेना आणि भरलेलं ठेवूनही जाऊ शकेना. पासबुक आणायला गेलेल्या माणसाचा अर्ज अर्धवट राहणं हा बिघाड मानू नका, तो फॉर्मचा नेहमीचा दिवस आहे.

सादर करताना चारही पानं पुन्हा पहिल्यापासून तपासा. कोणी तिसरं पान न उघडता थेट चौथ्याचा पत्ता टाकला असेल तर ते इथे पकडलं जाईल.

आवृत्ती क्रमांकाचं काम असं: पान दाखवताना आवृत्ती ७ होती, तर साठवताना ‘आवृत्ती अजून ७ असेल तरच बदल कर आणि ८ कर’ असं डेटाबेसला सांगायचं. शून्य ओळी बदलल्या तर समजायचं की मधे कोणीतरी हाच मसुदा बदललाय, मग गुपचूप पुसण्याऐवजी दोन्ही दाखवून विचारायचं. सोसायटीत एकच मसुदा ताईंकडे आणि सचिवांकडे एकाच वेळी उघडा असणं दर आठवड्याला होतं.

मागे जाऊन बदललं तर

चार पानी फॉर्मची खरी परीक्षा ‘मागे’ बटणावर होते. सावदा रावेर तालुक्यात आणि फैजपूर यावल तालुक्यात, अंतर मात्र अगदी थोडं. ऑपरेटरने आधी रावेर-सावदा निवडलं, मग चूक लक्षात येऊन तालुका यावल केला आणि गावाची यादी बदलायच्या आत ‘पुढे’ दाबलं. मसुद्यात गेलं: तालुका यावल, गाव सावदा. जावास्क्रिप्टने यादी बदलली असेल असं गृहीत धरू नका. गाव त्या तालुक्यातलंच आहे का, हे सर्व्हरने पाहायचं. तसंच दुसऱ्या पानावर क्षेत्र बदललं की तिसऱ्या पानावरची खोडांची संख्या संशयास्पद ठरते. ती पुसू नका, माणसाने मेहनतीने भरलेली असते. त्या पायरीवर ‘पुन्हा पाहा’ अशी खूण करा आणि तिथून गेल्याशिवाय सादर होऊ देऊ नका.

चेकबॉक्सने मला सगळ्यांत जास्त फसवलं. ‘ठिबक आहे’ वर टिक केली, साठवली. मागे येऊन टिक काढली, ‘पुढे’. पुन्हा बघितलं तर टिक जागेवरच! कारण टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, आणि माझं कोड जे आलं तेवढंच मसुद्यात मिसळत होतं. न आलेलं जुनंच राहायचं. म्हणून त्या पायरीवरचे सगळे चेकबॉक्स सर्व्हरला माहीत असू द्या आणि जो आला नाही तो ‘नाही’ धरा. हीच गोष्ट ‘डिसेबल’ केलेल्या रकान्याची: तोही येत नाही. दाखवायचा पण बदलू द्यायचा नाही, असा रकाना ‘रीडओन्ली’ ठेवला तर येतो, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तीही पेन्सिलच.

फाइलचा रकाना तर सर्व्हरला भरून देताच येत नाही. सुरक्षेसाठी ब्राउझर ते होऊच देत नाहीत. चौथ्या पानावर खाते क्रमांकात चूक निघाली आणि पान परत आलं की निवडलेला फोटो गेलेला असतो, आणि माणूस म्हणतो, "आता तं टाकला होता!" त्यामुळे फोटो आला की बाकीचं बरोबर असो-नसो, आधी तो तात्पुरत्या जागी ठेवून मसुद्याला जोडा आणि रकान्याऐवजी ‘सातबारा मिळाला, बदलायचा का?’ असं दाखवा.

आणि हो, मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डवरून ‘४२’ येतं, ‘42’ नव्हे. सर्व्हरवर पोहोचताच एकाच लिपीत आणा, मग तपासा. नाहीतर बरोबर भरलेल्या फॉर्मवर ‘फक्त आकडे भरा’ अशी सूचना येते आणि समोरचा म्हातारा बाबा तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती विसरता येत नाही.

एकाच कापणीच्या तीन नोंदी

नेट हळू, बटण दाबलं, काही होईना, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तीन नोंदी. दुसरा प्रकार: नोंद झाली, पावतीचं पान आलं, छापायला म्हणून रिफ्रेश केलं, ब्राउझरने काहीतरी विचारलं, ‘हो’ म्हटलं, चौथी नोंद.

दुसऱ्यावर उपाय जुना आणि नामी आहे. सादर झालेली माहिती साठवली की त्याच उत्तरात पान छापू नका; ३०३ हा कोड देऊन ब्राउझरला पावतीच्या पत्त्यावर पाठवा. मग रिफ्रेश केलं तरी फक्त पावती पुन्हा मागितली जाते. मधल्या पायऱ्यांनाही हेच करा, ‘मागे’ बटण शहाण्यासारखं वागायला लागतं.

पहिल्यावर बटण बंद करून ठेवणं हा अर्धा उपाय. विनंती वाटेत अडकली आणि ब्राउझरनेच पुन्हा पाठवली तर बटण काय करणार? नोंदींच्या टेबलात मसुद्याचा क्रमांक ठेवा आणि तो एकदाच येऊ शकेल अशी अट डेटाबेसमध्येच घाला. कोडमध्ये ‘आहे का बघ, नसेल तर घाल’ असं लिहिलं तर बघणं आणि घालणं यांच्या मधल्या फटीतून दुसरी विनंती शिरते. डेटाबेसने दुसरी नोंद नाकारली की लाल एरर दाखवू नका. माणसाचं काम झालेलंच आहे, त्याला तीच पहिली पावती दाखवा.

लाइट गेली

एप्रिल-मेच्या उन्हात भुसावळ-रावेर पट्ट्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पानावर अर्धं भरलेलं आणि ‘पुढे’ न दाबलेलं काय होणार? दर काही सेकंदांनी, किंवा रकाना सोडताच, मसुद्यात गुपचूप साठवा. नेटही नसेल तर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये. तिथे साधारण पाच मेगाबाइट मावतात आणि मशीन बंद झालं तरी राहतात. सेशन स्टोरेज त्या टॅबपुरतंच असतं, त्याच्या भरवशावर राहू नका. तिथेही चावी मसुद्याच्या क्रमांकाचीच, नाहीतर टॅबांची तीच गल्लत नव्याने. केंद्रातलं मशीन दहा जण वापरतात, म्हणून खाते क्रमांक आणि आधार तिथे ठेवायचाच नाही, आणि मसुदा सर्व्हरवर पोहोचला की बाकीचंही पुसायचं.

आपोआप साठवण्यामुळे सेशन कायम जिवंत राहतं, हे लक्षात घ्या. ताई जेवायला गेल्या, पान उघडं, आणि लॉगिन संध्याकाळपर्यंत चालूच. माणसाने कीबोर्ड-माउसला हात लावला असेल तरच मुदत वाढवा. मुदत संपलीच तर लॉगिननंतर मुख्य पानावर फेकू नका, त्याच मसुद्याच्या त्याच पायरीवर आणा.

राहिलेलं संरक्षण

लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदला, नाहीतर आधीच कोणी पेरून ठेवलेला क्रमांक लॉगिनसह त्याच्या हाती लागतो. प्रत्येक फॉर्मसोबत सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारी खूण, पाठवा. बहुतेक फ्रेमवर्क ते तयार देतात, ते त्रास देतं म्हणून बंद करू नका. खाजगी पानांना ‘नो-स्टोअर’, म्हणजे ब्राउझरने प्रत ठेवू नये अशी सूचना, लावा, म्हणजे लॉगआउटनंतर ‘मागे’ दाबून आधीच्या माणसाचा अर्ज दिसणार नाही.

पैसे भरण्याची पायरी असेल तर एक सापळा आहे. २०२० पासून क्रोम, सेमसाइट सांगितलं नसेल तर ते ‘लॅक्स’ धरतो, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पाठवलेल्या फॉर्मसोबत कुकी सहसा देत नाही. पेमेंट गेटवे पैसे घेऊन तुमच्या साइटवर पोस्टने (फॉर्म सबमिट होतो त्याच पद्धतीने) परत पाठवतो ती विनंती दुसऱ्या साइटवरून आलेली असते, तिच्यासोबत कुकी येईलच असं नाही. पैसे कापले गेले आणि समोर लॉगिनचं पान! परतीचं पान सेशनवर उभं करू नका. गेटवेने पाठवलेला ऑर्डर क्रमांक घ्या, त्याची सही तपासा, मसुदा शोधा, नोंद पक्की करा आणि मग ३०३ देऊन पावतीकडे पाठवा.

द्यायच्या आधी

चाचणी घरच्या मशीनवर एकट्याने करू नका. मी नवा फॉर्म घेऊन ताईंशेजारी बसलो आणि त्यांना म्हटलं, जेवढा बिघडवता येईल तेवढा बिघडवा. त्यांनी चार टॅब उघडले, सबमिट तीनदा दाबलं, अर्ध्यात ‘मागे’ गेल्या, यूपीएसचं बटण बंद केलं. मी आपला तिकडून कुकी पुसली, सर्व्हर नव्याने सुरू केला, हिडन फील्डमधलं क्षेत्र वाढवून पाठवलं. दोन गोष्टी तरीही निघाल्या. एक ठिबकची टिक. दुसरी, सादर झालेल्या अर्जाचा जुना टॅब उघडा होता आणि त्यातून ‘पुढे’ दाबलं तर मसुदा पुन्हा अर्धवट होत होता. आता सादर झालेल्या ओळीला कोणताही बदल डेटाबेसच नाकारतो.

अर्धवट मसुदे साचत जातात, त्यांची झाडलोट रात्री एका वेळापत्रकावर लावा. ओळीसोबत तात्पुरते फोटोही जायला हवेत, नाहीतर डिस्क भरते. मुदत मी आधी पंधरा दिवस ठेवली होती. एक दादा घरच्या लग्नात अडकले, विसाव्या दिवशी पासबुक घेऊन आले आणि मसुदा साफ. आता पंचेचाळीस दिवस ठेवलेत, आणि चाळिसाव्या दिवशी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो.